पश्चिम नॉर्वेच्या खेड्यांतील घरगुती बिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉर्वेतील शेतघरांवर होणाऱ्या बिअरविषयी वाचकांकडून जे प्रश्न सतत येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी मूलभूत प्रश्न घेतले असून अपवादांचे आणि वादाचे प्रश्न पुढे आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी येत असेल तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नॉर्वेतील 'शेतघरची बिअर' म्हणजे नेमके काय? ती गावातल्या छोट्या कारखान्यात होते का?

ही बिअर कारखान्यात होत नाही. शेतकरी कुटुंब स्वतःच्या शेतातल्या धान्याला मोड आणून, स्वतःच्या चुलीवर आणि स्वतःच्या लाकडी भांड्यांत, मुख्यतः सणासमारंभासाठी जी बिअर करत असे, तिला शेतघरची बिअर म्हणतात. ती विक्रीसाठी नसे. एकेकाळी हे काम नॉर्वेच्या बहुतेक सर्व शेतीप्रधान भागांत चालत असे. आज ही परंपरा जिवंत आहे ती प्रामुख्याने पश्चिमेकडील व्होस, हार्डांगेर, नॉर्डफियोर्ड व सुन्नमोरे या भागांत आणि मध्य नॉर्वेतील ट्रोंडेलाग प्रांताच्या स्ट्योर्दाल परिसरात. प्रत्येक भागाची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे 'नॉर्वेची पारंपरिक बिअर' अशी एकच वस्तू दाखवता येत नाही.

2. एवढ्या उत्तरेला धान्य पिकते तरी कसे?

व्होस सुमारे साडेसाठ अक्षांशांवर आहे, म्हणजे हिमालयाच्याही कितीतरी उत्तरेला. तरीही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे नॉर्वेचा किनारा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य राहतो आणि उन्हाळ्यातले दिवस फार मोठे असतात. अशा थोडक्या हंगामात हाती लागणारे मुख्य धान्य म्हणजे जव, ज्याला आपण बार्लीही म्हणतो. काही भागांत ओटचीही बिअर होत असे. खरी अडचण कापणीनंतर सुरू होते, कारण पश्चिम किनाऱ्यावर पाऊस फार असतो आणि धान्य आपोआप वाळत नाही. पेंढ्या खांबांवर आणि मांडवांवर टांगाव्या लागत, आणि माल्ट, म्हणजे बिअरसाठी मोड आणलेले धान्य, तर विस्तवाच्या उबेवरच वाळवावे लागे. या बिअरच्या चवीत धुराला जे स्थान आहे, त्याचे मूळ या हवामानात आहे (प्रश्न 7 पाहावा).

3. ही परंपरा किती जुनी आहे? त्याला काही पुरावा आहे का?

सर्वांत बोलका पुरावा जमिनीखाली आहे. ट्रोंडेलागमधील जुन्या शेतघरांच्या अंगणाखाली तापून तडकलेल्या दगडांचे जाड थर सापडतात. पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या कालमापनानुसार हे थर साधारण सातव्या शतकापासून मध्ययुगाच्या अखेरीपर्यंतचे आहेत. लोखंडाचे किंवा तांब्याचे मोठे हंडे सामान्य शेतकऱ्याला परवडण्याआधी पाणी तापवण्याची रीत उलटी होती. भांडे लाकडाचे असल्याने ते आगीवर ठेवता येत नसे, म्हणून दगड आगीत लाल करून भांड्यातल्या पाण्यात टाकत. थोड्याच वापरांनंतर दगड तडकत आणि फेकून द्यावे लागत. पिढ्यानपिढ्या फेकलेल्या या दगडांवरच आजची कित्येक शेतघरे उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास समाजअभ्यासक आइलर्ट सुंड्ट पूर्वेकडील हेडमार्क भागात फिरत असताना एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने अशा ढिगाकडे बोट दाखवून, हे बिअर करण्याचे दगड आहेत, असे त्यांना सांगितले होते. उत्खननांनी जे दाखवले ते खेड्यातल्या स्मृतीत तोवर टिकून होते, ही मला या साऱ्या इतिहासातली फार मोलाची गोष्ट वाटते.

4. कायद्याने बिअर करणे सक्तीचे होते, हे खरे आहे का?

होय, हे खरे आहे. पश्चिम नॉर्वेची गुलाटिंग ही जनसभा होती आणि तिच्या कायद्याचे मुख्य हस्तलिखित सुमारे 1250 मधले आहे, मात्र त्यातली कलमे त्याहून जुनी आहेत. त्यानुसार शेतकऱ्यांनी नाताळासाठी बिअर करायची, किमान तीन घरांनी एकत्र येऊन ती प्यायची आणि नाताळच्या रात्री ती ख्रिस्त व माता मेरी यांच्या नावे, चांगले पीक आणि शांतता लाभावी म्हणून, अर्पण करायची होती. जो हे टाळेल त्याने बिशपला दंड भरायचा होता, आणि जो सलग तीन वर्षे टाळेल त्याची मालमत्ता जप्त होऊन राजा व बिशप यांच्यात वाटली जाई.

या कलमाचा अर्थ नीट लावला पाहिजे. धर्मांतरापूर्वी हिवाळ्याच्या मध्यास सामूहिक पानाचा विधी होताच. चर्चने तो बंद न पाडता नवीन देवाच्या नावाने चालू ठेवला आणि त्याला कायद्याचे बळ दिले. पिण्याची चैन हा त्या सक्तीचा हेतू नव्हता. शेजाऱ्यांनी वर्षातून ठरल्या वेळी एकत्र बसावे, हा होता.

5. मग ते लोक रोज पाण्याऐवजी बिअर पीत होते का?

हा समज फार पसरलेला आहे आणि नॉर्वेच्या खेड्यांपुरता तरी तो चुकीचा आहे. डोंगरातले झरे आणि ओढे स्वच्छ होते, त्यामुळे पाणी टाळण्याचे कारण नव्हते. रोजचे पेय म्हणजे दुधाच्या आंबट निवळीत पाणी घालून केलेले 'ब्लांडे'. तेच घागरीत भरून कामावर नेत. जव मुख्यतः भाकरी आणि लापशीसाठी लागत असे. चांगली बिअर करायची तर त्यातला मोठा वाटा बाजूला काढावा लागे, आणि ते सणालाच शक्य होई. जोरदार बिअर काढून झाल्यावर त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून पातळ बिअर काढत असत. ती मात्र घरात साध्या प्रसंगी प्यायली जाई.

6. बिअर कोणकोणत्या प्रसंगी होत असे?

नाताळ सर्वांत मोठा. लाकडी दिनदर्शिकेवर 21 डिसेंबर या संत थॉमसच्या दिवशी बिअरच्या पिंपाची खूण कोरलेली आढळते, कारण त्या दिवसापर्यंत सणाची बिअर तयार झालीच पाहिजे असा दंडक होता. याशिवाय बारसे, लग्न आणि मृत्यू. अंत्यविधीनंतरच्या जेवणाला आजही नॉर्वेजियन भाषेत 'ग्राव्हओल', म्हणजे थडग्याची बिअर, असेच म्हणतात, जरी त्या जेवणात बिअर नसली तरी. गवतकापणीच्या दिवसांतही अनेक ठिकाणी एखादे पिंप होत असे.

7. माल्ट घरी कसे करतात?

जवाचे पोते वाहत्या ओढ्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवतात. मग ते दाणे गोठ्याच्या माळ्यावर किंवा फळ्यांवर पसरून त्यांना मोड येऊ देतात. मुळ्या फुटल्या की दाणे एकमेकांत गुंतून गठ्ठा होऊ नये म्हणून पुन्हा पुन्हा उलटावे लागतात, आणि आत उष्णता साठू दिली तर माल्ट आंबते. मोड पुरेसे आले की वाळवण.

वाळवण्याच्या रीतीवरून भाग ओळखता येतात. स्ट्योर्दालमध्ये त्यासाठी शेतघरापासून दूर एक छोटी झोपडी असते, तिला 'सोइन' म्हणतात. भोके पाडलेल्या फळ्यांवर ओले माल्ट पसरायचे, खाली आल्डर नावाच्या झाडाच्या लाकडाचा जाळ करायचा आणि धूर थेट दाण्यांतून वर जाऊ द्यायचा. रात्रभर कोणीतरी जागून जाळ सांभाळतो आणि फावड्याने दाणे उलटतो. जाळ वाढला तर झोपडी पेट घेते, म्हणून तर ती घरापासून दूर बांधतात. तयार बिअरला धुराचा एवढा गडद वास येतो की ज्याला सवय नाही तो पहिल्या घोटालाच थबकतो. याउलट व्होस आणि नॉर्डफियोर्डमधील होर्निन्दाल या भागांत आज बहुतेक जण विकतचे फिकट माल्ट वापरतात आणि तेथली बिअर धुरकट नसते.

8. ज्युनिपरच्या फांद्या कशासाठी घालतात? हॉप्स वापरत नाहीत का?

ज्युनिपर हे डोंगरउतारावर उगवणारे काटेरी सदाहरित झुडूप आहे. त्याच्या हिरव्या फांद्या पाण्यात उकळून जो पिवळसर-तपकिरी काढा होतो, त्याच पाण्यात माल्ट भिजवतात. शिवाय त्याच काढ्याने लाकडी पिंपे उकळत्या गरम अवस्थेत धुतात. साबण नसताना, आणि लाकडाच्या रंध्रांत जिवाणू दडून बसत असताना, भांडी निर्मळ ठेवण्याचा हा भरवशाचा उपाय होता. तिसरा उपयोग गाळणीचा. पिंपाच्या तळाशी फांद्या आडव्या-उभ्या रचल्या की चोथा वर राहतो आणि रस खालच्या भोकातून निथळतो.

हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, हीही वापरतात, पण कमी. मध्ययुगात हॉप्स घातलेली जर्मन बिअर हान्सा या उत्तर जर्मन व्यापारी संघाच्या व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन बंदरात येत होती आणि हॉप्सची लागवड शेतघरांच्या कुंपणालाही झाली होती. त्याआधी आणि त्यानंतरही काही भागांत 'पोर्स' नावाची दलदलीतली सुगंधी वनस्पती वापरात होती. ज्युनिपरला मात्र कोणी बाजूला सारू शकले नाही.

9. व्होसमध्ये बिअर करण्याचा दिवस कसा जातो?

पहाटे ज्युनिपरचा काढा तांब्याच्या हंड्यात चढतो. भरडलेले माल्ट त्या गरम पाण्यात कालवून तासाभराहून अधिक झाकून ठेवतात. त्या वेळात दाण्यातल्या पिष्टाची साखर होते. मग गोड रस, ज्याला वर्ट म्हणतात, फांद्यांच्या गाळणीतून हळूहळू काढतात. यात घाई केली तर गाळणी बसते आणि अख्खा दिवस वाया जातो.

व्होसची खूण पुढच्या टप्प्यात आहे. हा रस लाकडाच्या जाळावर तीन-चार तास, कधी त्याहून अधिक, उकळत ठेवतात. तो आटतो, दाट होतो आणि फिकट माल्टचा असूनही तांबूस-तपकिरी रंगावर येतो. हॉप्सची पुरचुंडी याच वेळी सोडतात. नंतर तो कोमट होईपर्यंत थंड करून त्यात यीस्ट घालतात. संध्याकाळ झालेली असते. दोन-तीन दिवसांत आंबणे संपते, बिअर पिंपात भरली जाते आणि शेजारी चव घ्यायला जमतात. या जमण्याला 'ओप्स्कोके' म्हणतात. तयार बिअर साधारण 7 ते 9 टक्के अल्कोहोलची, गोडसर आणि जवळजवळ बिनफेसाची असते.

10. क्वेइक म्हणजे काय, आणि ते वर्षभर जिवंत कसे राहते?

पश्चिम नॉर्वेत घरच्या यीस्टला क्वेइक म्हणतात. पूर्वेकडे त्याच गोष्टीला 'गोंग' हे नाव होते. घरातल्या विरजणाप्रमाणे ते एका वेळचे पुढच्या वेळेसाठी राखून ठेवायचे असते. फरक इतकाच की विरजण रोज लागते आणि क्वेइक वर्षातून दोन-तीनदाच. म्हणून ते वाळवून ठेवण्याची युक्ती शोधावी लागली.

जुन्या घरांत यासाठी लाकडी कडे असे. छोटे कोरीव तुकडे एकमेकांत अडकवून केलेले हे कडे आंबत्या बिअरच्या फेसात किंवा तळाच्या गाळात बुडवायचे, सांध्यांच्या फटींत यीस्ट भरले की काढून धूळ लागणार नाही अशा जागी टांगायचे. काही ठिकाणी खाचा पाडलेला ओंडका, कोठे पेंढ्याचे कडे, कोठे नुसते कापड. फेसातले घ्यायचे की गाळातले, हे प्रत्येक घराचे ठरलेले असे. पुढच्या खेपेस ते कडे थोड्या कोमट वर्टमध्ये सोडले की काही तासांत बुडबुडे येत. एखाद्याचे यीस्ट मेले किंवा आंबट झाले तर तो शेजारच्या शेतघरी जाऊन मागून आणत असे, आणि देण्यास कोणी नकार देत नसे. अमुक एका कुटुंबाचे यीस्ट शुद्ध आणि स्वतंत्र आहे, हा दावा या मागून आणण्यामुळे फार ताणता येत नाही. याच यीस्टने भाकरीचे पीठही फुगवत असत.

आता बहुतेक जण यीस्ट कागदावर वाळवून त्याच्या चकत्या फ्रीझरमध्ये ठेवतात. कडी भिंतीवर आणि संग्रहालयांत आहेत.

11. थर्मामीटर नसताना यीस्ट कधी घालायचे हे कसे कळे?

बोटाने. वर्ट धारोष्ण दुधाइतका कोमट झाला की यीस्ट घालावे, असे जुन्या वर्णनांत पुन्हा पुन्हा येते. म्हणजे साधारण 35 अंश सेल्सियस. व्होसमध्ये तर 39-40 अंशांनाही घालतात. लागर आणि एल हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. कारखान्यातली लागर 10 अंशांच्या आसपास आणि सामान्य एल 20 अंशांच्या आसपास आंबवतात, त्यामुळे या आकड्यांवर बाहेरच्या बिअरकारांनी बराच काळ विश्वास ठेवला नाही. साधे यीस्ट इतक्या उष्णतेत उग्र, औषधासारखी चव देते, तर क्वेइकची बिअर स्वच्छ किंवा संत्र्यासारख्या फळांच्या वासाची राहते.

यामागे एक साधे व्यावहारिक कारण दिसते. कोमट रस जितका वेळ उघडा राहील तितका तो नासण्याचा धोका वाढतो. म्हणून गरम असतानाच घालता येईल आणि लगेच कामाला लागेल असेच यीस्ट शेतकऱ्याच्या उपयोगाचे होते, आणि शेकडो वर्षे तेच पुढच्या खेपेसाठी निवडले गेले.

12. क्वेइक खरोखर वेगळे आहे, की हा फक्त प्रचार आहे?

वेगळे आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात नॉर्वेतील अनेक क्वेइक एकमेकांच्या जवळचे आणि इतर बिअरच्या यीस्टपासून वेगळे असल्याचे आढळले. लवंगेसारखा वास देणारी क्षमता त्यांनी गमावली आहे, आणि ही माणसाने दीर्घकाळ पाळल्याची खूण मानली जाते. पुढील संशोधनात त्यांच्या पेशींत ट्रेहॅलोज ही साखर अधिक साठत असल्याचे दिसले. उष्णता आणि कोरडेपणा सोसण्यात ही साखर पेशीला मदत करते, म्हणून लाकडी कड्यावर महिनोन्‌महिने तग धरण्याशी तिचा संबंध लागतो.

दुसरा फरक रचनेचा आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हॅन्सेन यांनी 1883 मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, आणि तेव्हापासून औद्योगिक बिअर एका जातीच्या यीस्टवर चालते. घरच्या क्वेइकमध्ये अनेक जाती एकत्र नांदतात आणि काहींत जिवाणूही असतात. एका जातीला जे सोसत नाही ते दुसरी सोसते. त्यातली एकच जात वेगळी काढून विकली, तर मूळ मिश्रणाचा काही भागच हाती येतो.

13. यीस्ट घालताना ओरडायचे का?

काही भागांत होय. यीस्ट ओतणारा मोठ्याने आरोळी देई, म्हणजे बिअर जोरदार होते आणि वाईट शक्ती दूर राहतात अशी समजूत होती. आंबण्याच्या दिवसांत घरात भांडण करू नये, पिंपाजवळ कुजबुजू नये, असेही नियम होते. जी प्रक्रिया डोळ्यांना दिसत नाही आणि फसली तर वर्षाचा सण बिघडवते, तिच्याभोवती असे नियम जमणे स्वाभाविक आहे.

14. काही ठिकाणी बिअर उकळतच नाहीत असे वाचले. ती सुरक्षित असते का?

होर्निन्दाल व सुन्नमोरे परिसरात वर्ट न उकळता थेट थंड करून आंबवतात. त्याला कच्ची बिअर म्हणतात. हॉप्स घालायचे तर ते वेगळ्या पाण्यात उकळून घालतात. माल्ट भिजवताना वर्ट 70 अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहतो आणि त्यात बहुतेक सूक्ष्मजीव मरतात, त्यामुळे ती प्यायला धोकादायक नसते. न उकळल्याने प्रथिने खाली बसत नाहीत, म्हणून ती गढूळ, घट्ट आणि धान्याच्या चवीची असते, पण ती लवकर प्यावी लागते. इंधन आणि मोठा धातूचा हंडा या दोन्हींची टंचाई असताना (प्रश्न 3 पाहावा) न उकळणे हीच सामान्य रीत असणार, आणि व्होसची चार तासांची उकळी हा नंतरचा बदल, असे मला वाटते.

15. हे काम स्त्रिया करत की पुरुष?

अनेक भागांत ते स्वयंपाकघराचे, म्हणून स्त्रियांचे काम होते. पश्चिमेकडे अलीकडच्या काळात ते मुख्यतः पुरुषांकडे आहे.

16. ही परंपरा बहुतेक ठिकाणी लोपली कशामुळे, आणि थोड्या ठिकाणी टिकली कशामुळे?

1816 मध्ये नॉर्वेत दारू गाळण्यास मोकळीक मिळाली आणि धान्य-बटाट्याची कडक दारू घरोघर होऊ लागली. 1845 च्या कायद्याने ती आवळली, तोवर अनेक घरांत बिअर मागे पडली होती. 1859 मध्ये आस्ब्योर्न क्लोस्टर यांनी स्टाव्हांगेरला संपूर्ण मद्यत्यागाची चळवळ सुरू केली, आणि किनाऱ्यावरच्या धार्मिक कुटुंबांत बिअरही वर्ज्य झाली. त्याच काळात कॉफी स्वस्त झाली. परदेशी धान्य येऊ लागल्यावर पश्चिमेकडचे शेतकरी जव सोडून गवत आणि गुरांकडे वळले. घरचे धान्य गेले की घरचे माल्ट गेले. पुढे दुकानात पुडीचे यीस्ट मिळू लागले आणि क्वेइक सांभाळण्याची गरज संपली. माझ्या मते हा शेवटचा घाव सर्वांत खोल होता, कारण माल्ट पुन्हा करता येते, पण मेलेले यीस्ट परत आणता येत नाही. स्ट्योर्दालमध्ये माल्टची कला अभंग राहिली, पण मूळ यीस्ट हरवले आणि आज तेथे बहुतेक जण पावाचे यीस्ट वापरतात.

टिकण्याचे कारण केवळ दुर्गमता सांगतात, पण ते पुरेसे नाही. व्होसला बर्गनहून रेल्वे 1883 मध्येच पोहोचली होती. तेथे बिअर टिकली, कारण तिच्याशिवाय नाताळ आणि लग्न पुरे होत नाही ही भावना टिकली.

17. 'व्हायकिंग बिअर' म्हणून जी विकतात ती हीच का?

नाही. आजची शेतघरची बिअर शतकानुशतके बदलत आली आहे. तांब्याचा हंडा, हॉप्स, विकतचे माल्ट हे सारे नंतर आले. तिला हजार वर्षे गोठलेली वस्तू मानणे म्हणजे ज्यांनी ती प्रत्येक पिढीत जुळवून घेतली त्यांचे श्रेय नाकारणे आहे. त्याच न्यायाने क्वेइकची पुडी घालून केलेली कोणतीही बिअर शेतघरची ठरत नाही. पद्धत, ज्युनिपर आणि मिश्र यीस्ट (प्रश्न 12 पाहावा) यांवाचून ती केवळ क्वेइकने आंबवलेली बिअर असते.

18. फिनलंडची साहती हीच बिअर आहे का?

ती याच कुळातली आहे. साहतीतही ज्युनिपर असते आणि वर्ट सहसा उकळत नाहीत, मात्र तेथे पावाचे यीस्ट वापरतात. 2002 मध्ये युरोपीय संघाने साहतीला पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. स्वीडनच्या गोटलंड बेटावर, एस्टोनियाच्या सारेमा बेटावर आणि लिथुएनियाच्या खेड्यांतही याच प्रकारच्या बिअर आहेत.

19. नॉर्वेला गेल्यावर ती विकत मिळते का?

स्वतःच्या वापरासाठी बिअर करणे नॉर्वेत कायदेशीर आहे, पण ती परवान्याशिवाय विकता येत नाही. म्हणून खरी घरची बिअर पाहुणा म्हणूनच प्यायला मिळते. परवानाधारक छोटे कारखाने त्या धर्तीच्या बिअर करतात, पण 4.7 टक्क्यांहून जोरदार बिअर साध्या किराणा दुकानांत मिळत नाही, त्यासाठी 'विनमोनोपोलेट' ही सरकारी दुकाने आहेत. होर्निन्दालला या बिअरचा उत्सवही भरतो, तेथे घरोघरचे बिअरकार भेटतात.

20. क्वेइक उष्णतेत चालते, तर महाराष्ट्रात घरी ही बिअर करता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या आपल्या हवामानात हे यीस्ट उत्तम चालेल, कारण आंबवताना खोली थंड करावी लागत नाही. कायद्याने मात्र करता येणार नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे, आणि 'स्वतःपुरती केली' हा बचाव होत नाही. ज्यांना प्रयोगच करायचा आहे त्यांनी क्वेइकची वाळवलेली पुडी पावासाठी वापरावी, कारण मूळ शेतघरांवरही तिचा तो उपयोग होत असे (प्रश्न 10 पाहावा). कणीक कोमट पाण्यात भिजवावी आणि उबदार जागी झाकून ठेवावी. पहिल्या खेपेस फुगायला बेकरीच्या यीस्टपेक्षा अधिक वेळ लागू शकतो, म्हणून घड्याळाकडे न पाहता कणीक दुप्पट झाली की भाजायला घ्यावी.